सलाईन म्हणजे जेवण नव्हे!



बीड जिल्ह्यात दवाखान्याचा विषय निघाला की पुढारी खाटा मोजतात, व्हेंटिलेटर मोजतात. अतिदक्षता विभागातला माणूस दिवसभरात काय जेवला, हे कोणी विचारत नाही. परवाच जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नातेवाईक टपरीवरून आणलेलं दूध नाकातल्या नळीने रुग्णाच्या पोटात सोडत होते. सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी गुंतलेल्या. आणि रुग्ण सपाट उताणा!

तिथंच घात होतो. पोटातलं वर येतं, फुप्फुसात झिरपतं आणि न्यूमोनिया होतो. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी 1999 साली व्हेंटिलेटरवरच्या 86 रुग्णांचा अभ्यास मांडला होता. डोक्याकडची बाजू 45 अंश उचललेल्यांपैकी 8 टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला, सपाट झोपवलेल्यांपैकी 34 टक्क्यांना. सपाट झोपवून नळीने अन्न दिलेले रुग्ण होते 28. त्यातले 14 न्यूमोनियाच्या संशयात सापडले. म्हणजे निम्मे! खाटेची मूठ फिरवायला ना निधी लागतो, ना निविदा, ना मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन.

दुसरं दुखणं सलाईनचं. ‘बाटली चालू आहे, ताकद येतेय’ म्हणून घरचे निर्धास्त असतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे शंभर कॅलरीसुद्धा नाहीत. साध्या सलाईनमध्ये तर शून्य. साठ किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण पंधराशे लागतात. पोट चालू असेल तर पहिल्या 24 ते 48 तासांत नळीने अन्न सुरू करा, असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. शिरेतून महागडं पोषण घाईने दिल्याने भलं होतंच असंही नाही: बेल्जियममधल्या 4,640 रुग्णांच्या 2011 च्या अभ्यासात ते लवकर दिलेल्यांत संसर्ग 26.2 टक्के होता, आठवडाभर थांबलेल्यांत 22.8.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारासोबत जेवणही धरलेलं आहे. नळीवरच्या रुग्णाला ते कोणत्या रूपात मिळतं? वरणभात तर नळीतून जात नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरातला म्हातारा भरती झाला, तर त्याचं अन्न शिजवायचं कोणी आणि कुठं?

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी एवढं जाहीर करावं: नळीचं अन्न कोण बनवतं, कोण देतं, किती देतं आणि त्या वेळी खाट किती अंश वर असते.

– एक वाचक, अंबाजोगाई