उन्नयनाचा सिद्धान्त आणि क्यूबाची कोंत्रादान्सा

लोकांचे नृत्य दिवाणखान्यात आले, दिवाणखान्यातून पियानोवर गेले, पियानोवर नर्तकाच्या पायांपासून सुटले आणि अखेर 'कला' झाले. क्यूबाच्या एकोणिसाव्या शतकातील संगीताचा इतिहास अशा चढणीच्या रूपात सांगण्याची रीत चांगलीच रुळलेली आहे. या मांडणीत पन्नासांहून अधिक कोंत्रादान्सा रचणारा मानुएल साउमेल (मृत्यू १८७०) हा मधला टप्पा असतो, तर इग्नासिओ सेर्वान्तेस (१८४७-१९०५) हे शिखर. आलेहो कार्पेन्तिएर यांनी १९४६च्या आपल्या ग्रंथात साउमेलला संगीतातील क्यूबन राष्ट्रवादाचा जनकत्वाचा मान दिला. पुढच्यांनी त्या मताचा सिद्धान्त करून टाकला.

हा सिद्धान्त पहिल्याच पायरीवर घसरतो. कोंत्रादान्सा मुळात 'खालून' आलेली नाही. इंग्लंडमधील ग्रामीण नृत्याने फ्रान्सच्या दरबारात प्रतिष्ठा मिळवली आणि तेथून स्पेनमार्गे व फ्रेंच वसाहतींतून ते कॅरिबियन बेटांवर पोचले. म्हणजे ते आले तेव्हाच पुरेसे 'उन्नत' होते! त्याचे क्यूबन होणे ही घटना दिवाणखान्यातच घडली, आणि ती घडवणारे हात यजमानांचे नव्हते. होसे आन्तोनिओ साको याने १८३०च्या सुमारास बेटावरील आळसाची मीमांसा करताना सर्व कला कृष्णवर्णीयांच्या हाती गेल्याची तक्रार केली होती. संगीत हे गोऱ्या कुळातील तरुणाला न शोभणारे काम मानले जाई; साहजिकच नृत्यवृंद मुक्त कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय वादकांचे असत. यांतील पुष्कळ माहिती खुद्द कार्पेन्तिएर यांनीच पुरवलेली आहे. त्यांच्या अनुयायांनी ती वाचली, पण तिला पार्श्वभूमीच्या पलीकडे येऊ दिले नाही.

तोमास बुएल्ता इ फ्लोरेस हा अशाच एका वृंदाचा प्रमुख आणि कोंत्रादान्सांचा रचनाकार. १८४४मध्ये गुलामांच्या बंडाचा कट शिजत असल्याच्या आरोपावरून वसाहती सरकारने मुक्त कृष्णवर्णीयांवर जी दडपशाही केली, तीत तो सापडला. शिडीला बांधून फटके मारीत, म्हणून त्या पर्वाला 'ला एस्कालेरा', म्हणजे शिडी, हेच नाव पडले. कवी प्लासिदो याला त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. उन्नयनाच्या इतिहासात मात्र या सालाला फारसे स्थान नाही. साउमेलची प्रतिभा खरीच आहे. परंतु तिच्या भोवती जी एकाकी पूर्वजाची प्रभा दिसते, तिचा काही भाग तरी इतरांना वगळल्यामुळे निर्माण झालेला आहे.

येथे संहितेचा प्रश्न उपस्थित होतो. समीक्षकाच्या हाती पडते ते पियानोचे छापील पान: दोन छोटे भाग, प्रत्येकी साधारण आठ मापांचे व पुनरावृत्त. पहिला भाग बराचसा युरोपीय शिष्टाचार पाळतो, दुसऱ्यात लय बदलते. डाव्या हातात आठ सूक्ष्म मात्रांची तीन-एक-दोन-दोन अशी विभागणी चालू असते, कधी दोन-एक-दोन-एक-दोन अशी पाच आघातांची. वृंदात याच लयींच्या जोडीला भोपळ्याच्या कवचावरील खाचांतून काडी घासून वाजवायचे 'ग्विरो' असे, नगारे असत. त्यांतले पानावर काहीही उतरलेले नाही. घरातील मुलींनी वाजवावे म्हणून केलेला तो संक्षेप आहे. संक्षेपालाच मूळ कृती मानायचे आणि वृंदाला तिचा कच्चा माल ठरवायचे, हा उलटा न्याय केवळ छापील पुराव्याच्या मोहातून होतो. (ज्यांना मौखिक परंपरेच्या संपादित प्रतीच पूज्य वाटतात, त्यांना हा मोह परका वाटू नये.)

सेर्वान्तेसच्या 'दान्सास कुबानास'बद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पॅरिसमध्ये शिकलेल्या या वादकाला स्वातंत्र्यलढ्यासाठी कार्यक्रम करून निधी जमवल्याबद्दल १८७५मध्ये बेट सोडावे लागले. 'आदिओस आ कुबा' या छोट्या रचनेतील व्यथा उसनी नाही. पण या रचना नृत्यापासून 'मुक्त' झाल्या, असे म्हणून जेव्हा त्यांचा गौरव होतो, तेव्हा कशापासून मुक्त, हे विचारलेच पाहिजे. क्यूबात गुलामगिरी १८८६पर्यंत कायद्याने टिकून होती. त्या काळात मुक्तीचे रूपक ऐकणाऱ्या पियानोला लागू करायचे आणि वाजवणाऱ्या वृंदाला नाही, ही निवड समीक्षेची आहे. सेर्वान्तेसच्या डाव्या हाताने तर ती तीन-एक-दोन-दोनची लय सोडलेली नव्हती.