आधी वीजबिल दाखवा!



'मायनिंगमध्ये पैसे लावा, महिन्याला दहा टक्के घरपोच' असं सांगत कुणी ओळखीचा दारात आला, तर चहा जरूर पाजा. पण एक प्रश्न विचारा : वीजबिल कुठंय?

हा प्रश्न आपण वेळेवर विचारला नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेनं दरमहा १० टक्के, सलग १८ महिने, तेही बिटकॉइनमध्ये देण्याचा वायदा केला. एक टाका, १.८ घ्या. वर माणसं आणा, कमिशन घ्या. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं घरचंच नाणं लोकांच्या माथी मारलं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच यातली क्रिप्टो लाटल्याच्या आरोपावरून अटक झाली. आता तपास सीबीआयकडे आहे.

मायनिंग म्हणजे काय, हे ठाऊक असतं तर हा वायदा पहिल्याच बैठकीत उघडा पडला असता.

भिशीची वही एकाकडे असते आणि आपण त्या माणसावर विश्वास टाकतो. बिटकॉइनच्या वहीला असा धनी नाही. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत. मग पुढचं पान कुणी लिहायचं? यंत्रं आकड्यामागून आकडा टाकून पाहतात, हेच मायनिंग. अटीत बसणारा आकडा ज्याला आधी सापडतो, त्याचं पान लागतं आणि नव्या नाण्यांचं बक्षीसही त्यालाच. साधारण दहा मिनिटांना एक पान. जुनी नोंद खोडायची, तर ते पान आणि त्यानंतरची सगळी पानं नव्यानं लिहावी लागतात, तीही बाकी साऱ्या जगाला मागं टाकून. तेवढी यंत्रं आणि तेवढी वीज आणणार कोण? वीज हेच या वहीचं कुलूप. लहान नेटवर्कचं कुलूप तुटतंही : मे २०१८ मध्ये 'बिटकॉइन गोल्ड'वर हल्लेखोरांनी बहुमताची ताकद जमवून तीच नाणी दोनदा खर्चली.

कुलपाची किंमत ऐका. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अंदाजानुसार बिटकॉइनला वर्षाला सुमारे १३८ अब्ज युनिट वीज लागते. आपली कोयना जलविद्युत योजना १,९६० मेगावॉटची. ती वर्षभर क्षणाचीही उसंत न घेता पूर्ण क्षमतेनं चालवली, तरी अशा आठ कोयना लागतील! दुसरा मार्ग नाही, असंही नाही. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कनं सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंग सोडलं. तिथं नाणी तारण ठेवावी लागतात, लबाडी केली की तारण बुडतं. त्यांचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला.

आता घरचा हिशेब. 'अँटमायनर एस-१९' हे यंत्र चपलांच्या दोन खोक्यांएवढं, ओढतं ३,२५० वॉट. दिवसाला ७८ युनिट. युनिटला १० रुपये धरा : रोजचे ७८०, महिन्याचे २३,४००. पंख्यांची घरघर आणि खोलीची भट्टी वेगळीच. कमाई मात्र जगभरच्या यंत्रांशी स्पर्धा करून, आणि बक्षीस साधारण चार वर्षांनी निम्मं. जुलै २०१६ मध्ये २५ नाण्यांचं १२.५ झालं, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. 'गेनबिटकॉइन'चे वायदे चालू असतानाच बक्षीस एका दिवसात अर्ध्यावर आलं. वायदा? तोच, दहा टक्के!

खऱ्या मायनरलाही पुढच्या महिन्याची कमाई सांगता येत नाही. ठरावीक टक्का सांगणारा खाणीतून पैसे काढत नाही, तुमच्या शेजाऱ्याच्या खिशातून काढून तुम्हाला देतो.

म्हणून आमच्या मागण्या :

१. मायनिंगच्या नावानं पैसे घेणाऱ्यानं यंत्रं कुठं आहेत, मीटर कुणाच्या नावावर आहे आणि बिल किती येतं, हे जाहीर करावं. सरकारनं तसा कायदा करावा.

२. जप्त केलेली क्रिप्टो किती आणि कुणाच्या ताब्यात, याचा हिशेब तपास यंत्रणांनी दर सहा महिन्यांनी जनतेपुढं ठेवावा.

३. फसलेल्यांची थट्टा थांबवावी. लाजेपोटी गप्प बसलेला माणूस पुढच्या ठगाच्या पथ्यावर पडतो.

पटलं तर हे पत्रक घडी घालून ठेवू नका. सोसायटीच्या फळ्यावर, वीजबिलांच्या शेजारी लावा.

— काही पुणेकर वीजग्राहक