११६३ फुटांच्या खाली कोण राहतं?

चंदीगडच्या पुराबद्दल एक युक्तिवाद ठरलेला आहे. हे आखीव शहर आहे, रस्ते रुंद आहेत, पावसाळी गटारं मूळ आराखड्यातच आहेत. जुलै २०२३ मध्ये चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, त्यापुढे कुठलं प्रशासन काय करणार? सुखना तलावाचे दरवाजे उघडणं भाग होतं. आता खालच्या ओढ्याचे काठ सिमेंटने बांधून काढले की प्रश्न मिटला.

यातला दरवाज्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सुखनाचं धरण मातीचं आहे. मातीच्या बांधावरून पाणी वाहू देणं म्हणजे बांधच घालवणं. तेव्हा दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्याला दोष देणारे लोक, खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुण्यात पाटबंधारे खात्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांच्याच जातकुळीतले. प्रश्न त्या दिवसाचा नाहीच, त्याआधीच्या महिन्याचा आहे.

बाकीचं मात्र टिकत नाही. शिवालिकच्या उतारावरून येणाऱ्या पावसाळी ओढ्याला तिकडे चो म्हणतात. सुखना चो १९५८ साली अडवला आणि ल कॉर्बुझिए व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या शहराला तलाव मिळाला. पण ओढा धरणापाशी संपला नाही. तो खाली किशनगड, बापूधाम, इंडस्ट्रियल एरियाची कड, मक्खन माजरा असा उतरत बलटाण्यात शिरतो आणि पुढे घग्गरला मिळतो. वर्षाचा बहुतेक काळ पात्र कोरडं असतं, म्हणून ते कुणाला नदीचं वाटत नाही. मोकळी जागा वाटते. मग राडारोडा येतो, शेड येते, कामगारांच्या खोल्या येतात. फिरायला तलावाचा काठ आणि राहायला ओढ्याचा काठ, अशी ही आखणी आहे. ती कागदावर कुणी केली नाही, पण झाली.

‘आभाळच फाटलं’ हेही अर्धसत्य. २०२३चा पाऊस विक्रमी होता, खरं आहे. पण दरवाजे २०१८ साली उघडले होते, २०२० सालीही उघडले होते, आणि ऑगस्ट २०२० मध्ये बलटाण्याच्या वस्तीत पाणी घुसलं होतं. सहा वर्षांत निदान तीनदा दारात येणाऱ्याला पाहुणा कसं म्हणायचं?

काठ बांधण्याचा उपाय तर पूर जिरवत नाही, पुढे ढकलतो. सरळ, गुळगुळीत पात्रातून पाणी जास्त वेगाने खाली जातं, आणि खाली बलटाणा आहे. तो जिरकपूर नगरपरिषदेत, म्हणजे पंजाबात. तलावाचे दरवाजे चंदीगड प्रशासनाच्या हातात, शहरातले बरेच रस्ते आणि गटारं महापालिकेकडे, पाणलोटाचा काही भाग हरियाणात. ओढ्याला या सरहद्दी ठाऊक नाहीत, फायलींना मात्र चांगल्याच ठाऊक आहेत.

मग करायचं काय? आधी एक साधा हिशेब. तलावाचं पाणपसारा क्षेत्र सुमारे दीड चौरस किलोमीटर. म्हणजे पातळी एक फूट खाली ठेवली की साधारण साडेचार लाख घनमीटर जागा रिकामी राहते. तीन फुटांना साडेतेरा लाख. पाणलोट अंदाजे ४२ चौरस किलोमीटर. त्यावर तीनशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सव्वा कोटी घनमीटर. सगळं पाणी वाहून येत नाही, तरी तीन फुटांत तो पूर मावणार नाही हे उघड आहे. पण २०२०सारखा मध्यम पाऊस बराचसा मावेल, आणि मोठ्या पावसात काही तास हाती लागतील. इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामाच्या तळमजल्यावरचा माल वर चढवायला ते तास पुरतात.

आज हे होत नाही, कारण चर्चा तलावाच्या पातळीच्या ११६३ फूट या एकाच आकड्याभोवती फिरते. तो बांधाच्या सुरक्षिततेचा आकडा आहे. खालच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. सांगलीत पाहा. आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरही सांगतं. सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाला कितव्या फुटाला सामान उचलायचं हे पाठ असतं. तरी २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगली बुडालीच, हेही सांगायला हवं. आकड्याने पूर थांबत नाही, माणसं वेळेत निघतात. सुखनाच्या किती विसर्गाला किशनगडचा रस्ता बंद होतो, कितीला मक्खन माजऱ्याच्या पुलावर पाणी येतं, कितीला बलटाण्यात शिरतं, असा तक्ता करता येईल. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात. ती पायदळी तुडवण्यात आपण तरबेज आहोत, पण निदान कोण तुडवतो ते नकाशावर दिसतं. सुखना चोच्या काठीही अशा रेषा हव्यात.

आणि वरच्या अंगाला सुखोमाजरी आहे. सत्तरच्या दशकात तलाव गाळाने भरू लागला तेव्हा पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत या डोंगरी गावापर्यंत पोहोचले. छोटे बंधारे बांधले, पाणी शेताला दिलं, बदल्यात गावाने डोंगरावर मोकाट चराई बंद केली. गाळ प्रचंड घटला. राळेगण-हिवरेबाजार ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल याचं वाटावं की ज्या शहराने हे जवळून पाहिलं तेच आज पुरावर उपाय म्हणून सिमेंटकडे बघतं.

एक आक्षेप वजनदार आहे: हा तलाव पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात आटतो, मग आधीच रिकामा का करायचा? उत्तर आपल्या धरणांवरच्या जलाशय परिचालन सूचीत आहे: जुलैत जागा ठेवायची आणि पाऊस सरत येईल तसं टप्प्याटप्प्याने भरत न्यायचं. सप्टेंबर कोरडा गेला तर एखाद्या उन्हाळ्यात होड्या बंद राहतील. तो तोटा सुखनाच्या काठावर फिरणाऱ्यांनी सोसावा. आज तो बलटाण्यातले तळमजले सोसतात. ही सूची जूनआधी जाहीर व्हावी, आणि हिंदी-पंजाबीत इंडस्ट्रियल एरियातल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लागावी.