बिगारी की मिस्त्री?

मुंबई-पुण्यात ‘हरित’ इमारतींच्या पाट्या झळकत आहेत. गच्चीवर सौर पॅनेल, आवारात सांडपाणी शुद्धीकरण, पावसाचे पाणी जिरवण्याची सोय. ही सारी कुशल हातांची कामे. आमचा सवाल एवढाच आहे की, नाक्यावर उभा राहणारा आमचा समाजबांधव तेथे वायरमन, प्लंबर म्हणून जाणार, की जन्मभर घमेलीच वाहणार?

हा सवाल जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. का, तर तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे, त्याचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आज विटाळाचे नाव कोणी घेत नाही. ‘सर्टिफिकेट आहे का?’ एवढेच विचारतात. दार मात्र बंदच राहते.

पैसा नाही, असे सरकारने सांगू नये. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर लावला; २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो कायम ठेवला. हा पैसा कामगारांच्या हक्काचा आहे. भांड्यांच्या संचावर आम्ही समाधान का मानावे? या पैशातून प्रशिक्षण द्या, तेही युनियनच्या देखरेखीखाली. शिकण्याच्या दिवसांचा रोज द्या, कारण खाडा करून शिकणे गरिबाला परवडत नाही. आणि शिकलेल्याला कुशल कामगाराचा दर मिळेल, अशी अट ठेक्यातच घाला.

बांधवांनो, एकटा माणूस हे मागू शकत नाही. आधी नोंदणी करा, युनियनमध्ये या आणि ही मागणी लेखी द्या.