लायनफिश घरी पाळताय? गरम पाण्याची बादली आधी, मासा नंतर



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊ वाजता दवाखाना बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात माझे एक जुने पेशंट पत्नीसोबत घाईघाईने आत आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. चेहरा घामाने डबडबलेला, उजवा हात छातीशी धरलेला. मला आधी हृदयविकाराचीच शंका आली. पण हाताच्या मधल्या बोटाला रुमाल करकचून बांधला होता आणि त्यावर बर्फाची पिशवी होती.

"डॉक्टर, मासा टोचला."

"कुठला? शिंगाळा?" मी विचारले. मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा लागलेले पेशंट आपल्याकडे अधूनमधून येतात.

"नाही हो, घरातल्या टाकीतला. लायनफिश."

काटा टोचून दीड तास झाला होता. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी एका ठिकाणी वेदनाशामक इंजेक्शनही घेतले होते, पण ठणका खांद्यापर्यंत चढला होता. मी रुमाल सोडवला, बर्फ बाजूला केला आणि त्यांचा हात बादलीतल्या सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवायला सांगितला. वीस मिनिटांत त्यांचा चेहरा निवळला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "एवढंच करायचं होतं? हे मासा विकताना कोणी सांगितलं असतं तर?"

त्यांच्या या प्रश्नासाठीच आजचा लेख. मी मत्स्यतज्ज्ञ नाही, एक साधा फिजिशियन आहे. पण त्या रात्रीनंतर या माशाबद्दल बरेच वाचले, पाळणाऱ्यांशी बोललो, आणि माझे एक ठाम मत झाले आहे. ते शेवटी सांगतो.

हा मासा चावत नाही, मग टोचतो कसा?

लायनफिश हा विंचूमाशांच्या कुळातला. अंगावर लालसर-तपकिरी आणि पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पसरलेले पंख, संथ चाल. दिसायला इतका देखणा की दुकानात पाहणारा तिथेच खिळतो. बाजूचे मोठे पिसाऱ्यासारखे पंख निरुपद्रवी असतात. विष असते ते काट्यांत: सर्वसाधारणपणे पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीजवळच्या खालच्या परात ३, असे एकूण १८ काटे.

प्रत्येक काट्याला खाचा असतात, त्यांत विषग्रंथी आणि वरून पातळ त्वचेचे आवरण. काटा आपल्या बोटात घुसला की आवरण मागे सरकते, ग्रंथी दाबली जाते आणि विष जखमेत उतरते. म्हणजे हे विष सापासारखे चावून सोडले जात नाही. मासा घाबरला की डोके खाली करून पाठीचे काटे तुमच्याकडे रोखतो, एवढेच. बाकीचे काम आपला हात करतो. म्हणूनच हा अपघात बहुतेक वेळा टाळता येतो.

खाऊ घालताना: पहिली चूक इथेच होते

आमच्या पेशंटने काय केले होते? मासा हातातून खातो याचे त्यांना कौतुक होते. रोज संध्याकाळी कोळंबी बोटांत धरून पाण्यात हात घालायचा, पाहुण्यांना दाखवायचे. मासा हुशार असतो. हात दिसला की जेवण आले हे तो शिकतो. मग टाकी साफ करायला हात घातला तरी तो जवळ येतो. त्या दिवशी तेच झाले. काच पुसताना मासा मागून आला आणि मागे घेतलेला हात थेट काट्यांवर गेला.

म्हणून खाण्याचे नियम नीट समजून घ्या:

१. बोटाने कधीही भरवू नका. फूटभर लांबीचा चिमटा किंवा काठी वापरा. जेवण आणि हात यांची सांगड माशाच्या डोक्यात बसूच देऊ नका.

२. नवीन आणलेला लायनफिश बरेचदा मेलेले खाणे ओळखत नाही, कारण निसर्गात तो हलणारी शिकार गिळतो. सुरुवातीचे काही दिवस जिवंत छोटी कोळंबी द्यावी लागते. मग गोठवलेला तुकडा पूर्ण वितळवून, चिमट्यात धरून पाण्यात हलवत दाखवायचा. धीर धरा. दोन-चार दिवस खाल्ले नाही म्हणून लगेच घाबरू नका.

३. बाजारातली बिनमिठाची, न शिजवलेली कोळंबी, म्हाकूळ, समुद्री माशाचे तुकडे असे आलटून पालटून द्या. वर्षभर एकच पदार्थ नको. चिकन-मटणाची चरबी या माशाला पचत नाही.

४. दुकानात स्वस्तात मिळणारे गोल्डफिश 'खाद्य' म्हणून टाकू नका. ते गोड्या पाण्यातले, चरबीने भरलेले, आणि त्यांच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे थायामिनेज नावाचे द्रव्य असते. सतत तेच खाऊन मासा भरल्या पोटी कुपोषित होतो. शिवाय त्यांच्यासोबत रोगजंतूही टाकीत येतात.

५. लहान माशाला रोज थोडे, पण पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीन वेळाच खाणे पुरे. लायनफिश कायम भुकेलाच दिसतो, मागतच राहतो. आपण लाडाने देत राहतो आणि त्याच्या यकृतात चरबी साठते. हे वाक्य मी रोज दवाखान्यात माणसांना ऐकवतो. माशासाठीही लिहावे लागेल असे वाटले नव्हते.

६. उरलेला तुकडा लगेच काढा. तो कुजला की पाण्यात अमोनिया वाढतो.

टाकी आणि पाणी: थोडक्यात

मोठ्या जातीचा लायनफिश फूटभराहून अधिक वाढतो. दुकानात चार इंचांचा दिसला तरी त्याला पुढे साडेचारशे लिटरच्या आसपासची टाकी लागते. छोट्या जातींना दोनशे लिटर चालते, पण लक्षात घ्या, बुटक्या जातींचे काटेही तितकेच विषारी असतात.

समुद्री टाकीसाठी मिळणारे खास मीठ शुद्ध पाण्यात मिसळायचे. घरातले खायचे मीठ चालत नाही. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत यासाठी चिलर लागतो आणि वीज गेली तर पर्यायी सोय लागते, हा खर्च आधी धरा. मासा आणण्याआधी रिकामी टाकी साधारण महिना-दीड महिना चालवावी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असल्याची चाचणी करूनच मासा सोडा. लपायला दगडांची गुहा हवी, कारण हा मासा मुख्यतः संध्याकाळनंतर हिंडतो. सोबतीला छोटे मासे ठेवू नका; तोंडात मावेल ते सगळे त्याच्या दृष्टीने जेवणच.

सफाईच्या वेळी मासा नेमका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय हात घालू नका. मध्ये ॲक्रिलिकचा पडदा लावा. पकडायचा असेल तर जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरा; जाळीत काटे अडकतात आणि ते सोडवताना टोचतात. घरातले रबरी हातमोजे काटा अडवत नाहीत. आणि मेलेल्या माशाचे काटेही विषारी असतात. तो कचऱ्यात तसाच टाकला तर कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागेल. जाड डब्यात बंद करून टाका.

काटा टोचलाच तर

या विषातली मुख्य द्रव्ये प्रथिने आहेत आणि उष्णतेने ती निकामी होतात. म्हणून:

१. अंगठी, घड्याळ लगेच काढा. सूज पटकन चढते.

२. वर दिसणारा काट्याचा तुकडा चिमट्याने काढा. आत रुतलेला असेल तर कोरू नका.

३. हात गरम पाण्यात बुडवा. पाणी ४० ते ४५ अंश सेल्सिअस, त्याहून जास्त नको. ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगी नाही, तो साधारण ४२-४३ पर्यंतच मोजतो. स्वयंपाकघरात वापरायचा घेऊन ठेवा. तो नसेल तर दुसऱ्या, बऱ्या हाताने पाणी तपासा. वेदनेत असलेल्या हाताला भाजल्याचे कळत नाही.

४. ३० ते ९० मिनिटे हात पाण्यातच ठेवा. पाणी निवले की हात बाहेर काढून गरम पाणी मिसळा. वेदना परत आली तर पुन्हा बुडवा.

५. नंतर जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन, वेदनाशामक, गरज पडल्यास एक्स-रे हे ते ठरवतील.

मधुमेहाने हातापायांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत पाण्याची उष्णता दुसऱ्या मोठ्या माणसानेच तपासावी. बोट बधिर करण्याचे इंजेक्शन दिले असेल तर त्यानंतर गरम पाण्यात बुडवू नका; भाजलेले कळणार नाही.

बर्फ लावू नका. दोरी किंवा रुमाल आवळू नका; विष अडत नाही, बोटाचा रक्तपुरवठा मात्र अडतो. ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका.

धाप लागणे, चक्कर, छातीत दुखणे, अंगभर गांधी, वारंवार उलट्या यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठा. निरोगी माणूस यात दगावणे फारच दुर्मिळ आहे, पण वेदना भयंकर असते. पहिल्या तास-दीड तासात ती शिगेला पोहोचते आणि काही तास टिकू शकते.

हा उपाय नवा नाही. १९८५ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोच्या विषबाधा केंद्राचा पाच वर्षांचा अनुभव छापून आला. ५१ जणांपैकी ४५ जणांना लायनफिशचाच काटा लागला होता, आणि गरम पाण्याने बहुतेकांना चांगला आराम पडला. शिंगाळा आणि पाकट यांच्या काट्यालाही हाच प्रथमोपचार चालतो, म्हणून मासे न पाळणाऱ्यांनीही हा भाग लक्षात ठेवावा.

काही आठवड्यांनी उठणारी गाठ

टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक दूरचा भाऊबंद राहतो. खरचटलेल्या हातातून तो शिरला की दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ किंवा न भरणारी जखम होते. पाच दिवसांच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने ती बरी होत नाही, काही महिने औषध लागते. निदान लांबते ते एकाच कारणाने: पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. तेव्हा हाताची कोणतीही तक्रार घेऊन गेलात तर "माझ्या घरी माशांची टाकी आहे" हे आपणहून सांगा.

कंटाळा आला म्हणून समुद्रात नको

योगायोग असा की त्याच १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लायनफिशची पहिली नोंद झाली. हा मासा तिथला नव्हे; हौशी लोकांच्या टाक्यांतूनच तो तिथे पोहोचला असे मानले जाते. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला आहे आणि तिथले छोटे मासे फस्त करतो आहे. आपल्या अरबी समुद्रात लायनफिश मूळचाच आहे, पण म्हणून टाकीतला मासा चौपाटीवर नेऊन सोडू नका. टाकीतले रोगही त्याच्यासोबत जातात. नको असेल तर दुकानाला किंवा जाणकार पाळणाऱ्याला द्या.

माझे मत

घरात लहान मूल असेल, टाकी मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर असेल, किंवा टाकीची सफाई मोलकरणीकडून करून घ्यायचा विचार असेल, तर लायनफिश आणू नका. माझ्या लेखी यात तडजोड नाही. हौस आपली, काटा दुसऱ्याच्या हातात, हे बरे नव्हे.

जे पाळू शकतात त्यांना माझा विरोध नाही. हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षे सहज जगतो आणि तितकी वर्षे आनंद देतो. पण मासे विकणाऱ्यांनी पावतीसोबत चार ओळींचा कागद द्यायला हवा: काटे कुठे, हाताने भरवू नका, टोचल्यास गरम पाणी, नंतर डॉक्टर. यासाठी कायदा लागत नाही, थोडी आपुलकी लागते. तोवर तो कागद तुम्हीच लिहून टाकीच्या काचेवर चिकटवा.

आमच्या पेशंटनी शेवटी विचारले होते, "डॉक्टर, मासा देऊन टाकू का?" मी म्हणालो, "मासा राहू दे. हाताने भरवणं सोडा." त्यांच्या टाकीशेजारी आता लांब चिमटा टांगलेला असतो आणि खाली एक थर्मॉस ठेवलेला. पाहुण्यांना ते आता तोच दाखवतात.

(हा लेख सर्वसामान्य माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)