चिरा नव्हे, करल!

मागच्या लाँग वीकेंडला हर्णैजवळ गावी गेलो, तर काका सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब करत बसलेले. परसातल्या जुन्या भिंतीचा भुगा पडतो, म्हणून तिला प्लास्टर मारायचं ठरलंय. मी आजवर ती भिंत चिऱ्याचीच समजत होतो. रत्नागिरी जिल्हा म्हणजे जांभा, हे डोक्यात फिट्ट! जवळून पाहिलं तर दगडात चक्क शिंपल्यांचे तुकडे.

"अरे, तो करल. चिरा नव्हे," काका म्हणाले.

म्हणजे चुनखडकच, पण समुद्रकिनारी तयार झालेला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचा चुरा साचतो. कणांमधल्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट सुटतं आणि तेच कण चिकटवून टाकतं. निसर्गाचं काँक्रीट म्हणा ना. हे काम भरतीरेषेच्या आसपासच होतं, त्यामुळे करल आजच्या रेषेच्या वर सापडला तर पूर्वी समुद्र कुठवर होता याचा अंदाज येतो. ओळखायला सोपा: थोडा भुगा करून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. जांभ्यावर ढिम्म काही होत नाही. (मी दोन्ही करून पाहिलं. काकू लिंबाच्या भावावरून बोलल्या, असो.)

मऊ म्हणजे कुचकामी असं मात्र नाही. फ्लोरिडात स्पॅनिश लोकांनी १६७२ ते १६९५ मध्ये कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला असल्याच शिंपल्यांच्या दगडात बांधला. १७०२ च्या वेढ्यात इंग्रजांचे तोफगोळे भिंत न फोडता तिच्यातच रुतून बसले!

माझं स्पष्ट मत, सिमेंट नको. करल सच्छिद्र. खारी ओल आत-बाहेर होत राहते. वरून सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आत कोंडते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि प्लास्टर पडताना दगडाचा पापुद्राही घेऊन जातं. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो, आणि तो पडला तरी दगड वाचतो. शिवाय गेलेला दगड परत आणणार कुठून? किनाऱ्यावरचा खडक फोडायला सीआरझेडच्या नियमांत बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

काकांचं म्हणणं, "चुन्यात काम करणारा गवंडी आण, मग बोल." मुद्दा बिनतोड आहे. दिवाळीपर्यंत मुदत मिळालीय. दापोली-गुहागरकडचा असा कोणी माहीत असेल तर खरंच कळवा.