पाटी पुन्हा कोरी होऊ नये

लडाखने २०२४ साली आणि त्यापाठोपाठ २०२५ साली मिझोराम, गोवा, त्रिपुरा व हिमाचल प्रदेश या राज्यांनी पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा केली. केंद्र सरकारच्या निकषानुसार ९५ टक्के साक्षरता ही पूर्ण साक्षरता मानली जाते. या यशामागे असंख्य शिक्षकांचे व स्वयंसेवकांचे परिश्रम आहेत आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. तथापि, एक प्रश्न उरतोच. घोषणेचा समारंभ आटोपल्यावर, दुसऱ्या दिवसापासून, त्या नवसाक्षराच्या हाती वाचण्यासाठी काय असते?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातील प्रौढांना गावानेच शिकवायचे आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. पुढे ती राज्यभर पसरली आणि तिची जागतिक पातळीवर दखल घेतली गेली. गिरणगावाच्या मुंबईत १९६७ साली वरळी येथे देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ उभे राहिले. कामगाराने दिवसभर राबून संध्याकाळी नवे काही शिकावे, हा त्यामागील विचार होता. अशी परंपरा असलेल्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये ते जेमतेम ७६ टक्के. मोहिमांची वाण नव्हती. मग उणीव कोठे राहिली?

उणीव सातत्यात राहिली. राष्ट्रीय पातळीवरही हेच घडले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी पाच वर्षांत १० कोटी प्रौढांना शिकविण्याचा संकल्प सोडण्यात आला; सरकार बदलले आणि संकल्पाचा जोर ओसरला. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, २००९ साली ‘साक्षर भारत’ आले. त्याची मुदत मार्च २०१८ मध्ये संपली. त्यानंतरची मोठी योजना, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम अर्थात ‘उल्लास’, सुरू होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. मध्यंतरीच्या काळात गावोगावच्या साक्षरता केंद्रांना कुलपे लागली आणि प्रेरकांचे मानधन थांबले. पन्नाशीत गिरवलेले अक्षर रोज डोळ्यांखालून गेले नाही तर पुसट होत जाते. लहान मुलाच्या मागे शाळा, गृहपाठ आणि परीक्षा असतात. प्रौढाच्या मागे शेत, चूल आणि रोजंदारी असते. म्हणूनच मोहीम संपली की पाटी पुन्हा कोरी होते आणि पुढची मोहीम त्याच माणसांना पुन्हा ‘अ’ पासून शिकवू लागते.

या अर्धवट साक्षरतेचा धोका आपण नीट ओळखलेला नाही. पूर्वी निरक्षर बाई कर्जाच्या कागदावर अंगठा उठवीत असे, तेव्हा निदान साक्षीदार लागत असे आणि मजकूर वाचून दाखविण्याची अपेक्षा असे. आज ती सही करते. आणि सही केली म्हणजे तिने मजकूर वाचला व तो तिला मान्य आहे, असे गृहीत धरले जाते. परंतु व्याजाचा दर, हप्ता चुकल्यास होणारा दंड, कोण कोणास जामीन आहे, यांतील एकही ओळ तिला वाचता येत नसेल, तर ती सही तिचे रक्षण न करता तिलाच बांधून टाकते. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी कोणास सांगू नये, ही सूचनाही त्याच संदेशात लिहिलेली असते. नाव लिहिण्यापुरते शिक्षण देऊन थांबणारा समाज आपल्या माता-भगिनींना निम्म्या वाटेवर सोडून देतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययन यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, ही आश्वासक गोष्ट आहे. ‘उल्लास’चेही पाच घटक आहेत: पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. कल्पना उत्तम आहे. पण मोजला जातो तो पहिला घटक, कारण त्याची चाचणी होते व प्रमाणपत्र देता येते. शिवाय तरतूद पाहा. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट पाच कोटी लोकांचे. म्हणजे एका माणसामागे, संपूर्ण शिक्षणासाठी, सुमारे २०८ रुपये! योजना स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे, हे तिचे वैशिष्ट्य खरे. स्वयंसेवक मानधन मागत नाही. परंतु त्याला पुस्तके लागतात, दिवा लागतो, बसायला जागा लागते आणि आपले काम पुढच्या वर्षीही चालू राहील याचा भरवसा लागतो. समाजाची सेवा ही शासनाच्या कर्तव्याला पूरक असते, पर्याय नसते.

येथे कोणी म्हणेल की पैसा मर्यादित आहे, तो आधी मुलांच्या शाळांवर खर्च व्हावा. वरवर हे योग्य वाटते. परंतु ज्या घरात आईला मुलाची वही वाचता येत नाही, त्या घरात शाळेचे निम्मे श्रम वाया जातात. आई शिकली की मुलाची शाळा घरापर्यंत येते. तेव्हा मूल आणि प्रौढ यांत निवड करण्याचा हा प्रश्नच नव्हे.

मार्ग आपल्याच राज्यात उपलब्ध आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. त्यांतील प्रत्येक ग्रंथालयात मोठ्या टाइपातील पुस्तकांचे एक कपाट आणि आठवड्यातून दोन दुपारी सामुदायिक वाचन, एवढे जरी अनुदानाच्या अटीत समाविष्ट झाले, तरी निरंतर शिक्षणाला कायमचे घर मिळेल. उत्तीर्ण नवसाक्षरांची दोन वर्षांनी पुन्हा चाचणी घ्यावी, म्हणजे किती शिकले यासोबत किती टिकले हेही कळेल. आणि या कामाची तरतूद योजनेच्या मुदतीशी न बांधता राज्याच्या अर्थसंकल्पात कायमस्वरूपी असावी. २०२३ साली साक्षरतेच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला होता, तो अशैक्षणिक कामांच्या ओझ्यापोटी. सारा भार प्राथमिक शिक्षकाच्या खांद्यावर टाकून हे काम होणार नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

इच्छा मात्र अमाप आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन वर्गात बसू लागल्या. त्यांना नोकरी नको होती, दाखला नको होता. पोथी स्वतः वाचता यावी, बँकेत सही करता यावी, एवढेच हवे होते.

ज्यांनी पाटी बाजूला ठेवून शेते कसली, धरणे बांधली, धाकट्या भावंडांना शिकविले, त्यांचे ऋण आपल्या सुशिक्षित पिढीवर आहे. शासनाकडे कायम तरतुदीचा आग्रह धरताना या ऋणाची फेड आपल्या घरापासून सुरू करता येईल. घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, सोसायटीचे रखवालदार, शेतावरचे गडी यांपैकी एकाला तरी, आठवड्यातून दोन तास, वर्षभर शिकवावे. आणि त्यांना वाचता येऊ लागले, की तेथे न थांबता पुढचे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे.